बोटाला टोचून एचबी: साहलीच्या नळीपासून हिमोक्यूच्या मशीनपर्यंत

उपकेंद्रात सिस्टरने बोट टोचलं की मिनिटभरात मशीनवर एचबीचा, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा, आकडा येतो. मशीन एवढंसं आहे याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण हिमोग्लोबिन मोजायची साधनं पहिल्यापासून लहानच होती. विल्यम गॉवर्स यांनी १८७८ साली केलेलं हिमोग्लोबिनोमीटरही हातात धरूनच बघायचं होतं. अडचण होती ती बघणाऱ्याच्या डोळ्यांची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या हर्मान साहली यांची पद्धत आली. आपल्याकडे डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलेल्या प्रत्येकाने ती प्रॅक्टिकलला केलेली असते. नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यायचं, पिपेटने २० घन मिलिमीटर रक्त ओढून त्यात सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. मिश्रण तपकिरी झालं की शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंबथेंब डिस्टिल्ड वॉटर घालायचं. रंग जुळला कधी, हे ज्याने त्याने ठरवायचं! एकाच रक्ताचे दोघांचे दोन आकडे आले तर नवल नव्हतं. तरीही स्वस्त म्हणून ही पद्धत आपल्या आरोग्य केंद्रांत कित्येक दशकं टिकली.

पुढे रक्त ड्रॅबकिन नावाच्या द्रावणात मिसळायच्या पद्धतीत डोळ्यांच्या जागी कलरीमीटर, म्हणजे रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र, आला. १९६० च्या दशकात ती आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली, पण त्या द्रावणात सायनाइड असल्याने ती प्रयोगशाळेतच राहिली.

खरी कलाटणी १९८० च्या दशकात स्वीडनच्या हिमोक्यू कंपनीने दिली. कुवेटमध्ये, म्हणजे रक्ताचा थेंब घ्यायच्या प्लास्टिकच्या इवल्याशा कप्प्यात, रसायनं आधीच सुकवून ठेवलेली; थेंब आपोआप आत ओढला जातो आणि मशीन त्यातून प्रकाश सोडून आकडा देतं. पिपेट नको, द्रावण नको, रंग जुळवणं नको.

त्यामुळे एचबी दारोदार मोजता येऊ लागलं. भारतात १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हेच मशीन वापरलं गेलं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं निघालं. महाराष्ट्रात आधीच्या फेरीतले ४८ टक्के ५४ वर गेले. बोटाच्या रक्तावरून काढलेले हे आकडे बरोबर आहेत का, हा वाद पेटला तो इथे. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत तपासलं होतं आणि लहान मुलांमधलं प्रमाण कुटुंब सर्वेक्षणातल्या मुलांच्या प्रमाणापेक्षा बरंच कमी, ४१ टक्के, आलं होतं. पुढे कुटुंब सर्वेक्षणातून ॲनिमियाची तपासणीच वगळली आणि शिरेतल्या रक्तावर आधारलेलं वेगळं सर्वेक्षण हाती घेतलं गेलं.

सगळं खापर मशीनवर फोडणं मला पटत नाही. रक्त येईना म्हणून बोट पिळलं की ऊतींमधलं पाणी थेंबात मिसळतं आणि आकडा खाली येतो. पहिले थेंब पुसून टाकायचे, बोट दाबायचं नाही, हे प्रशिक्षणात सांगतात. पण बाहेर रांग लागली की कोण थांबतं? शिवाय कुवेटच्या डबीचं झाकण नीट लागलं नाही, तर पावसाळ्यात आतली रसायनं दमट होतात आणि चांगलं मशीनही चुकीचं सांगतं.