प्रेस

प्रेस : इंग्रजीतून मराठीत रुळलेला अनेकार्थी शब्द. छापखाना, वृत्तपत्रसृष्टी, दाब देणारे यंत्र आणि कपड्यांची इस्त्री हे त्याचे मराठीतील प्रमुख अर्थ होत. नाशिक शहरात, विशेषतः नाशिकरोड भागात, कोणतेही विशेषण न लावता ‘प्रेस’ म्हटले की भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थ पत्र मुद्रणालय हे दोन सरकारी कारखाने अभिप्रेत असतात. ‘वडील प्रेसमध्ये होते’ हे वाक्य पुण्यात ऐकणाऱ्याला पत्रकाराची किंवा छापखान्यात अक्षरांचे धातूचे ठसे, म्हणजे खिळे, जुळवणाऱ्या जुळाऱ्याची आठवण होईल. नाशिकरोडला मात्र नोटा, मुद्रांक किंवा टपाल तिकिटे छापणारा कामगारच डोळ्यांपुढे येतो.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे या क्रियापदात आहे. त्यापासून झालेले ‘प्रेसारे’ हे रूप जुन्या फ्रेंचमार्गे साधारणतः तेराव्या शतकात इंग्रजीत आले असे मानतात. त्या वेळी त्याचा अर्थ गर्दी, रेटारेटी असा होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत द्राक्षे पिळण्याचे व कापड दाबण्याचे यंत्र, तसेच कपडे ठेवण्याचे कपाट असे अर्थ त्याला जोडले गेले. कपाटाचा अर्थ आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये अजून टिकून आहे. छपाईचे यंत्र हा अर्थ सोळाव्या शतकातला. यंत्रावरून ते जेथे चालते त्या जागेला व संस्थेला, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुद्रणस्वातंत्र्याच्या वादांतून त्या यंत्रावर छापल्या जाणाऱ्या मजकुराला हेच नाव मिळाले. पत्रकारांचा समुदाय हा अर्थ या साखळीच्या शेवटी येतो.

इंग्लंडच्या आरमारासाठी माणसे जबरदस्तीने पकडून नेणाऱ्या टोळ्यांना ‘प्रेस गँग’ म्हणत. हा ‘प्रेस’ वरील शब्दाचाच विस्तार आहे की नाही याविषयी दोन मते आहेत. बळजबरी हाही एक दाबच, म्हणून दोन्हींचे मूळ एक, असे पहिले मत. दुसऱ्या मताप्रमाणे त्याचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘प्रेस्त’ या शब्दात असून त्याचा अर्थ उसनी किंवा आगाऊ दिलेली रक्कम असा आहे. भरती होणाऱ्या माणसाच्या हातावर ठेवलेल्या रकमेला ‘प्रेस्ट मनी’ म्हणत. आपल्याकडे ऊसतोड मजूर मुकादमाकडून जी उचल घेतात, तिच्याशी याचे साम्य आहे : एकदा पैसे घेतले की माणूस बांधला जातो. पुढे ही भरती सक्तीची होत गेली आणि उच्चारातील साम्यामुळे दोन वेगळे शब्द एकात मिसळले. जुन्या सैनिकी कागदपत्रांतील वापर पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तेव्हा हा अर्थ ‘प्रेस’च्या अर्थविस्तारात धरू नये.

मुद्रणयंत्राच्या उगमाबाबत असे सांगितले जाते की जर्मनीतील माइन्त्स येथील योहान गुटेनबर्ग याने १४५० च्या सुमारास द्राक्षे पिळण्याच्या मळसूत्री यंत्रावरून आपले यंत्र बेतले. मात्र त्याचे यंत्र आज अस्तित्वात नाही आणि छपाईयंत्राचे सर्वांत जुने ज्ञात चित्र १४९९ मधील, फ्रान्समधील ल्यों येथील आहे. शिवाय मळसूत्री दाबयंत्रे कागद कारखान्यांत ओला कागद पिळण्यासाठी आणि पुस्तकबांधणीतही वापरली जात. त्यामुळे केवळ द्राक्षयंत्राला जनकत्व देण्यापेक्षा अनेक धंद्यांत रूढ असलेल्या एका सामान्य यंत्राचा हा नवा उपयोग होता, असे म्हणणे सावधपणाचे ठरेल. गुटेनबर्गचे खरे कौशल्य ओतीव सुटे खिळे आणि त्यांना धरून राहणारी तेलकट शाई यांत होते.

भारतात पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात आले. मराठीत ‘छापखाना’ हा शब्द आधीपासून रूढ असला तरी एकोणिसाव्या शतकात छापखान्यांच्या नावांत ‘प्रेस’ सर्रास दिसू लागला. जावजी दादाजी यांचा मुंबईतील निर्णयसागर प्रेस १८६९ चा. खिळे जुळवणारा जुळारी, पायाने चालणारे ट्रेडल यंत्र, एका वेळी छापायच्या पानांचा बांधलेला फर्मा ही या जगाची परिभाषा. ऑफसेट व संगणक आल्यावर ती जवळजवळ नाहीशी झाली, तरी लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर ‘प्रिंटिंग प्रेस’ कायम आहे.

नाशिकच्या प्रेसची पार्श्वभूमी अशी : १८५० च्या दशकापासून भारताची टपाल तिकिटे मुख्यतः लंडनच्या टॉमस दे ला रू या कंपनीकडून छापून येत, नोटाही इंग्लंडमधूनच येत. पहिल्या महायुद्धात चांदीच्या टंचाईमुळे १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली, तीही तिकडेच छापलेली. समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर चलन अवलंबून ठेवणे धोक्याचे व खर्चाचे आहे, हे त्यानंतर सरकारला पटले. कोरडे हवामान, मुंबईपासूनचे सोयीचे अंतर आणि मुख्य लोहमार्ग ही नाशिकरोडच्या निवडीची कारणे सांगितली जातात. त्यांपैकी हवामानाचे कारण तांत्रिकदृष्ट्या वजनदार आहे, कारण दमट हवेत कागद फुगतो व एकाच कागदावर वेगवेगळ्या रंगांचे ठसे नेमके एकमेकांवर बसत नाहीत.

स्थापनेचे वर्ष म्हणून १९२४, १९२५ आणि १९२८ अशी तीन वर्षे दिलेली आढळतात. हा फरक बहुधा कशाला स्थापना म्हणायचे यातून आला आहे. तिकिटांची छपाई १९२५–२६ च्या सुमारास सुरू झाली आणि पाच रुपयांची नोट, म्हणजे येथे छापलेली पहिली नोट, १९२८ मधील आहे. म्हणून संस्थेसाठी १९२५ आणि नोटांच्या छपाईसाठी १९२८ ही वर्षे स्वीकारणे योग्य. नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची १९३१ मधील तिकिटे आणि स्वतंत्र भारताचे पहिले, ‘जय हिंद’ लिहिलेले २१ नोव्हेंबर १९४७ चे तिकीट नाशिकचे. याउलट १९४८ ची महात्मा गांधींवरील तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. त्यांना लागणारे, कोरलेल्या नळकांड्यावरून छायाचित्रासारख्या छटा छापणारे फोटोग्रॅव्ह्यूर तंत्र तेव्हा नाशिकला नव्हते. ते १९५२ मध्ये कबीर, तुलसीदास, मीरा आदी संतकवींवरील तिकिटांपासून येथे वापरात आले.

आज प्रतिभूती मुद्रणालयात पारपत्रे (पासपोर्ट), मुद्रांक व तिकिटे आणि चलार्थ पत्र मुद्रणालयात नोटा अशी कामाची वाटणी आहे. दोन्ही कारखाने २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाकडे आहेत. देशात नाशिकखेरीज देवास, म्हैसूर व सालबनी येथे नोटा छापल्या जातात. नाशिकच्याच गांधीनगरातील भारत सरकारचे मुद्रणालय वेगळे असून घोटाळा टाळण्यासाठी त्याला ‘गांधीनगर प्रेस’ म्हणतात.

शब्दाचा मूळ अर्थ नोटेच्या छपाईत अक्षरशः पाहायला मिळतो. कोरीव छपाईत धातूच्या पत्र्यावरील खोलगट रेषांत शाई भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि कागद इतक्या दाबाने पत्र्यावर दाबतात की तो रेषांच्या खाचांत शिरून शाई उचलून आणतो. शंभर रुपयांच्या व त्यावरील नव्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवल्यास जो खरखरीत उठाव लागतो, तो या दाबाचा. दोन्ही कडांजवळच्या तिरप्या उठावदार रेषा दृष्टिहीनांना नोट ओळखता यावी म्हणून आहेत.

वृत्तपत्रे या अर्थी ‘प्रेस’ मराठीत प्रामुख्याने कायद्यांच्या नावांतून आला. १८६७ च्या प्रेस व पुस्तक नोंदणी कायद्यातील ‘प्रेस’ म्हणजे छपाईचे यंत्र. १८७८ च्या देशी भाषांविषयीच्या प्रेस कायद्यात त्याचा अर्थ वृत्तपत्रे असा झालेला दिसतो. १९१० च्या प्रेस कायद्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण त्यात छापखान्याच्या चालकाकडून व वृत्तपत्राच्या प्रकाशकाकडून स्वतंत्र जामीन मागता येई. छापखान्याच्या बाबतीत त्याची मर्यादा सामान्यतः ५०० ते २,००० रुपये होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केल्यानंतर थोड्याच आठवड्यांत हा कायदा आला. तथापि बंगालमधील घटनाही त्यामागे होत्या. केवळ नाशिकच्या प्रकरणाला त्याचे श्रेय देणे बरोबर नाही. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली; त्याच्या नावात ‘प्रेस’ उरला, पुस्तके मात्र गळाली. भारतीय संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख नाही. ते अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासून मानले आहे.

‘प्रेस नोट’ म्हणजे वृत्तपत्रांना दिलेले निवेदन आणि ‘नोट प्रेस’ म्हणजे नाशिकरोडचा कारखाना. शब्दांचा क्रम बदलताच ‘नोट’ आणि ‘प्रेस’ या दोहोंचाही अर्थ बदलतो.

नाशिकच्या वाइनरींमध्ये ‘प्रेस’ शब्दाचा यंत्रवाचक जुना अर्थ टिकून आहे. तेथील आडव्या, बंद पिंपात रबरी पडदा असतो. त्यात हवा भरली की तो फुगून द्राक्षांना सावकाश दाबतो व रस जाळीतून निथळतो. दाब बेताचा ठेवतात, कारण बिया फुटल्या तर कडवटपणा उतरतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आंबवण्यापूर्वी पिळतात, तांबडीसाठी सालींसह आंबवल्यानंतर.

नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत ‘प्रेस’ म्हणजे पत्रा कापणारे व वाकवणारे पावर प्रेस. त्यांची क्षमता टनांत सांगतात. डाय (खालचा साचा) व पंच (वरून दाबणारा ठोकळा) यांच्या मधल्या जागेत बोटे जाऊन ती तुटणे हा या कामातला नेहमीचा धोका आहे. म्हणून यंत्राला दोन बटणे दूरदूर बसवतात आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय घाव पडत नाही. द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये घेतले.

कपड्यांच्या संदर्भात ‘प्रेस करणे’ हे क्रियापद ‘इस्त्री करणे’ याच्या बरोबरीने चालते. ‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला असावा. झग्याच्या ‘प्रेस बटणा’ला मराठीत टिचबटण म्हणतात. व्यायामशाळेतील ‘बेंच प्रेस’ आणि तेलाच्या बाटलीवरील ‘कोल्ड प्रेस’ हे अलीकडचे प्रयोग आहेत.