दृष्ट लागली की सरासरी परतली?

फेब्रुवारी संपत आला की माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्याचे व्हिडिओ यायला लागतात. सगळे एकाच धर्तीचे. इंडियानापोलिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणारा एक दणकट पोरगा एक हात जमिनीला टेकवून ओणवा होतो, सुटतो, आणि साडेचार सेकंदांच्या आत सगळं आटोपतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा झळकतो आणि पाठोपाठ भाच्याचा संदेश: ‘मामा, ४.३८! हा स्टार होणार, लिहून ठेव.’

मी संख्याशास्त्र शिकवतो. एका आकड्यावरून कुणी एखाद्याचं अख्खं भविष्य सांगायला लागलं की मला गप्प बसवत नाही. त्या पोरांच्या निवडीत संख्याशास्त्राचा जो धडा दडलाय, तितका सुंदर धडा मला पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडतो. म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. कॉलेजात खेळून आलेल्या खेळाडूंना हे संघ दर वर्षी एप्रिलमध्ये पाळीपाळीने निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. तिच्या सात फेऱ्या होतात आणि ठोकळ नियम असा, की गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याची पाळी पहिली. ड्राफ्टच्या आधी उमेदवारांची मोजमापं घ्यायचा मेळावा भरतो, त्याचं नाव कम्बाइन. १९८७पासून तो इंडियानापोलिसमध्ये होतोय. आपण बोलणार आहोत रनिंग बॅकबद्दल. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे हल्ल्याची सूत्रं सांभाळणाऱ्याच्या हातून चेंडू घ्यायचा, पोटाशी घट्ट धरायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीतून वाट काढत पुढे जायचं, हे त्याचं मुख्य काम. जितके यार्ड पुढे गेला तितकी कमाई.

कम्बाइनमधली सगळ्यात गाजणारी चाचणी ४० यार्डांच्या धावेची, म्हणजे साधारण ३६.६ मीटर. ४.४० सेकंदांत पळणाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ८.३ मीटर पडतो. शेवटाला तो याहून वेगात असतो, त्यामुळे एक दशांश सेकंदाचा फरक म्हणजे जवळजवळ एका मीटरचा फरक. इथे बंदुकीचा बार नसतो. खेळाडू हलला की घड्याळ सुरू होतं, म्हणून ऑलिंपिकच्या वेळांशी या वेळांची तुलना करू नये. कॉलेजच्या मैदानावर प्रशिक्षकाने हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेल्या वेळा तर हमखास कमी भरतात. खेळाडू निघालेला दिसून अंगठा दाबेपर्यंत थोडा वेळ जातो, पण शेवटची रेषा येताना आधीपासून दिसते, तिथे अंगठा वेळेवर पडतो. सुरुवातीला गेलेला तो क्षण खेळाडूच्या पदरात फुकट पडतो.

नुसत्या वेळेला अर्थ नाही, वजनही बघा, असा विचार करून बिल बार्नवेल या विश्लेषकाने २००८मध्ये ‘स्पीड स्कोअर’ मांडला. पौंडांतल्या वजनाला २००ने गुणायचं आणि वेळेच्या चौथ्या घाताने भागायचं. सर्वसाधारण उमेदवार शंभराच्या आसपास येतो. चौथ्या घातामुळे वेळेत एक टक्का सुधारणा झाली की गुण चार टक्क्यांनी वाढतात. २०१८मध्ये सॅक्वॉन बार्कली २३३ पौंडांचा देह घेऊन ४.४०मध्ये पळाला, गुण आले १२४. २००८मध्ये ख्रिस जॉन्सन १९७ पौंडांचा होता, पण ४.२४मध्ये पळाला, गुण १२२. पुढे दोघांनीही एकेका हंगामात २,००० यार्डांचा टप्पा ओलांडला. आता कायरन विल्यम्स घ्या. २०२२, १९४ पौंड, ४.६५ सेकंद, गुण जेमतेम ८३. पाचव्या फेरीपर्यंत तो कुणाला नको होता, १६४व्या क्रमांकावर गेला. २०२३च्या हंगामात त्याने १२ सामन्यांत १,१४४ यार्ड काढले.

म्हणून धावेची चाचणी टाकाऊ ठरते का? नाही. २००८मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कम्बाइनच्या चाचण्या आणि पुढची कामगिरी यांच्यात सातत्याने दिसणारा संबंध आढळला नाही, पण त्यात एक ठळक अपवाद होता: रनिंग बॅक आणि धावेच्या चाचण्या. वेग उपयोगी आहे, पण पुरेसा नाही. उरलेलं उत्तर शोधायला सगळे जण वळतात कॉलेजमधल्या कामगिरीकडे, म्हणजे ‘दर धावेमागे किती यार्ड’ या सरासरीकडे. माझं प्रेम आहे ते या सरासरीवर आणि ती कशी फसवते त्यावर.

एका काल्पनिक खेळाडूच्या दहा धावा घ्या: ३, २, ४, उणे १, ५, १, ३, ६२, २, ४. बेरीज ८५, सरासरी साडेआठ यार्ड. कुठल्याही वर्तमानपत्रात हा मथळा होईल. आता ती ६२ची धाव बोटाने झाका. उरलेल्या नऊ धावांची बेरीज २३, सरासरी अडीचच्या थोडी वर. खेळाडू तोच, दुपार तीच. त्या एका धावेत बचावातल्या एकाचा पाय ओल्या गवतावरून घसरला असेल, एवढंच. रनिंग बॅकच्या धावा अशाच असतात: पुष्कळशा दोन-चार यार्डांच्या आणि अधूनमधून एक लांबलचक. अशा आकड्यांची सरासरी त्या एका धावेच्या तालावर नाचते.

मग किती धावा बघितल्यावर सरासरीवर विश्वास ठेवायचा? इथे वर्गमूळ मदतीला येतं. एकेका धावेतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ९ यार्ड आहे असं धरू. धावा १०० असतील तर सरासरीतली अनिश्चितता ९ भागिले १०, म्हणजे ०.९ यार्ड. ती निम्मी करायची तर धावा दुप्पट करून भागत नाही, चौपट, म्हणजे ४०० लागतात. कॉलेजच्या एका हंगामात ४०० धावा जवळपास कुणालाच मिळत नाहीत. थोडक्यात, ५.६ सरासरीवाला आणि ६.१ सरासरीवाला यांच्यात एका हंगामाच्या आकड्यांवरून निवड करणं म्हणजे जवळजवळ नाणं उडवणं.

आता जरा दमाने वाचा, ही पायरी मला सगळ्यात आवडते. समजा, कॉलेजच्या सगळ्या रनिंग बॅकची सरासरी ५.५ आहे. आपला उमेदवार २०० धावांत ७.०ने खेळला, सगळ्यांपेक्षा दीड यार्ड वर. या दीड यार्डातलं किती त्याचं आणि किती नशिबाचं? खेळाडूखेळाडूंतल्या खऱ्या, टिकाऊ फरकाचं प्रमाण विचलन ०.६ धरू. त्याचा वर्ग ०.३६. नशिबाचा वाटा: ९चा वर्ग ८१, भागिले २००, म्हणजे साधारण ०.४१. टिकाऊ भाग भागिले एकूण, म्हणजे ०.३६ भागिले ०.७७. उत्तर येतं साधारण ०.४७. याचा अर्थ, त्या दीड यार्डातले ४७ टक्केच आपण त्याच्या खात्यावर जमा करायचे. दीडच्या ४७ टक्के ०.७, म्हणून आपला सर्वोत्तम अंदाज ७.० नव्हे, ६.२. त्याने २००ऐवजी ५०च धावा काढल्या असत्या, तर हाच हिशेब १८ टक्के देतो आणि अंदाज ५.८च्या खाली येतो. माझे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण रीत खरी आहे. पुरावा जितका थोडा, तितकं आकड्याला सरासरीकडे जास्त ओढायचं.

ही ओढ पहिल्यांदा नीट मांडली फ्रान्सिस गाल्टनने, १८८६मध्ये, आईवडील आणि मुलं यांच्या उंचीवरून. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने पाहिलं तर आईवडिलांइतकी नाही. याला म्हणतात सरासरीकडे परतणं. टोकाच्या मोजमापात थोडं नशीब मिसळलेलं असतं, आणि ते पुढच्या वेळी सोबत येईलच असं नसतं.

हे न कळल्यामुळे अमेरिकेत एक अंधश्रद्धा रुजली आहे. ‘मॅडन’ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमच्या वेष्टनावर ज्याचा फोटो येतो त्याला शाप लागतो, असं तिथले शिकलेसवरलेले लोक बोलतात. शॉन अलेक्झांडरने २००५मध्ये १,८८० यार्ड काढले, हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढच्या गेमच्या वेष्टनावर झळकला, आणि २००६मध्ये पायाचं हाड मोडून ८९६ यार्डांवर थांबला. झाला शाप सिद्ध! पण वेष्टनावर येतो कोण? आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम नुकताच खेळलेला माणूस. त्याचा पुढचा हंगाम थोडा उतरणं हे सगळ्यात संभाव्य आहे, वर दर धावेला धडक खाणाऱ्याला दुखापत व्हायला शाप लागत नाही. आपल्याकडे परीक्षेत पहिला आलेला मुलगा पुढच्या वर्षी पाचवा आला की आजी मीठ-मोहरी उतरवते आणि म्हणते, ‘दृष्ट लागली गं पोराला.’ आजीची माया खरी, निदान चुकीचं. आणि दृष्ट काढल्यावर तो पुन्हा दुसरा येतो, तेव्हा मीठ-मोहरीला श्रेय मिळतं. तेही सरासरीकडे परतणंच असतं, फक्त खालून वर.

पण खेळाडूच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. वर ज्याला मी ‘टिकाऊ भाग’ म्हटलं, तो तरी पुरता त्याचा असतो का? त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी असते, ऑफेन्सिव्ह लाइन. तिने समोरच्यांना बाजूला रेटलं तर पहिले चार यार्ड तुम्ही-मीही पळू. २०११मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या ट्रेंट रिचर्डसनने दर धावेमागे ५.९ यार्डांनी १,६७९ यार्ड काढले. एनएफएलमधल्या क्लीव्हलँडच्या संघाने ड्राफ्टमध्ये एक पायरी वर चढायला आपल्या इतर तीन निवडी दिल्या आणि २०१२मध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात सरासरी ३.६. दुसऱ्या हंगामात दोन सामने होताच त्याला इंडियानापोलिसच्या संघाला देऊन टाकलं, तिथे सरासरी २.९. २०१४नंतर तो एनएफएलच्या नियमित हंगामात एकही सामना खेळला नाही. अलाबामाच्या त्या फळीतले चान्स वॉर्मॅक आणि डी. जे. फ्लुकर हे दोघे २०१३च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर गेले. रिचर्डसनच्या ५.९मधला एक हिस्सा या दोघांच्या खांद्यांचा होता, आणि क्लीव्हलँडला जाताना तो मागे राहिला.

म्हणून जाणकार स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, पहिली धडक बसल्यानंतरचे यार्ड वेगळे मोजतात, किती टॅकल, म्हणजे पाडायचे प्रयत्न, चुकवले ते मोजतात. आणि मग चित्रफीत लावून बसतात. मीही एकदा भाच्याच्या घरी एकच धाव वीसेक वेळा मागेपुढे करून पाहिली. चेंडू हातात आल्यावर तो गडी फळीला समांतर दोन पावलं टाकतो, जवळजवळ रेंगाळतो. समोरचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा असलेला गडी, त्याच्या रोखाने एक पाऊल सरकतो. त्याच क्षणी याचा बाहेरचा पाय जमिनीत रुततो, गुडघा वाकतो, नितंब खाली येतात आणि तो लाइनबॅकरने नुकत्याच सोडलेल्या जागेतून निघून जातो. १०० किलोचा देह सेकंदाला ६ मीटर वेगात असताना ०.४ सेकंदात त्या दिशेने थांबवायचा तर १,५०० न्यूटन बळ लागतं, स्वतःच्या वजनाच्या दीडपट, आणि तेही मुख्यतः एका पायावर. ४० यार्ड सरळ पळताना हे कुठेच मोजलं जात नाही. आणि लाइनबॅकरचं पाऊल पडेपर्यंत थांबायचा तो धीर तर कुठल्याच घड्याळात मावत नाही.

सहाव्या फेरीत १९६वा निवडला गेलेला टेरेल डेव्हिस १९९८मध्ये २,००८ यार्ड पळाला, अशी उदाहरणं हौसेने सांगितली जातात. सांगावीत, पण त्याच फेरीतून येऊन एका हंगामात विसरले गेलेले कितीतरी जण त्या गोष्टीत नसतात. तीही एक निवडक सरासरीच.

गेल्या वर्षी भाच्याने मला ॲश्टन जेंटीचं गणित पाठवलं. बॉयझी स्टेट विद्यापीठाचा हा रनिंग बॅक २०२४मध्ये ३७४ धावांत २,६०१ यार्ड पळाला, दर धावेमागे जवळपास ७. कॉलेजच्या एका हंगामातला बॅरी सँडर्सचा १९८८चा २,६२८चा विक्रम २७ यार्डांनी हुकला. कम्बाइनमध्ये तो ४० यार्ड पळालाच नाही, तरी लास वेगास रेडर्सने २०२५मध्ये त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. ‘पण बॉयझीचे प्रतिस्पर्धी कच्चे होते, तगड्यांपुढे काय?’ हा भाच्याचा प्रश्न. तगडे दोन त्यानेच निवडले. ओरेगनविरुद्ध २५ धावांत १९२ यार्ड, सरासरी ७.७. पेन स्टेटविरुद्ध ३० धावांत १०४, सरासरी ३.५. ‘मामा, यातला खरा जेंटी कुठला?’

मी त्याला वर्गमूळ काढायला लावलं. ९ यार्डांचं विचलन धरलं तर २५ धावांत अनिश्चितता १.८ आणि ३० धावांत १.६. दोन्हींचे वर्ग मिळवून मूळ काढलं की साधारण २.४. दोन सरासऱ्यांमधला फरक ४.२, म्हणजे या अनिश्चिततेच्या पावणेदोन पट. एवढा फरक एकाच खेळाडूत निव्वळ योगायोगानेही अधूनमधून पडतो. थोड्या वेळाने त्याचा संदेश आला. दोन्ही सामने त्याने एकत्र केले होते: ५५ धावा, २९६ यार्ड, ५.४. खाली एकच ओळ होती: ‘यातले धडकेनंतरचे किती, ते मोजायला बसतोय.’