जिवाणूच्या पाठीवर लस: मागची गोष्ट

नागपुरात मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत बाळ जन्मलं की सुट्टी व्हायच्या आधीच त्याच्या डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचतात. ०.०५ मिलिलिटर, कातडीच्या थरातच. बारीक फुगी उठली म्हणजे नीट टोचली गेली. त्या थेंबातले जिवाणू जिवंत असतात. म्हणून गडद काचेची कुपी थंडच ठेवायची आणि एकदा फोडली की चार तासांत संपवायची. इथल्या मे महिन्यात तर यात हयगय चालतच नाही.

फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेट आणि गेराँ यांनी गाईच्या क्षयाचा जिवाणू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांवर १३ वर्षं, २३० वेळा वाढवून नरम केला. तीच ही बीसीजी. १९२१ मध्ये पहिल्या बाळाला तो पाजला. तो नरमला कशाने, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक इथे लशीत रोगट जिवाणू मिसळले गेले आणि सत्तरहून अधिक बाळं दगावली. दोष लशीचा नव्हता. पण जिवंत जिवाणू उलटला तर, ही धास्ती बसली ती बसलीच. मला तर पुढचं बरंचसं जनुकीय काम या धास्तीलाच दिलेलं उत्तर वाटतं.

१९८१ मध्ये होइसेथ आणि स्टॉकर या संशोधकांनी साल्मोनेला या पोटाचे आजार आणणाऱ्या जिवाणूचं 'अरोए' जनुक निकामी केलं. त्यामुळे जिवाणूला लागणारे काही घटक त्याला बनवता येईनात आणि प्राण्याच्या शरीरातही ते पुरेसे मिळेनात. थोडे दिवस जगायचं, प्रतिकारशक्ती जागी करायची आणि मरायचं, एवढंच त्याच्या हाती उरलं. असा जिवाणू दुसऱ्या रोगाचं प्रथिन वाहून नेण्यासाठी सोयीचा. पण वरून घातलेलं जनुक तो टाकून देतो, आणि ते टिकवायला प्रतिजैविकाला दाद न देण्याची ताकद देणारं जनुक सोबत घालणं धोक्याचं. १९८८ मध्ये रॉय कर्टिस यांच्या गटाने नामी तोड काढली: पेशीभित्तिकेसाठी लागणारं जनुक मूळ जागेवरून काढून वरून घातलेल्या जनुकाच्या ओझ्यातच बांधलं. ओझं टाकलं की जिवाणू फुटून मरतो!

१९९१ मध्ये बीसीजीवरही परकी प्रथिनं चढवली गेली. उंदरांत निकाल चांगले आले, माणसांत मात्र प्रतिसाद बऱ्याचदा फिका पडला. फार नरम केलेला जिवाणू काम व्हायच्या आधीच संपतो, कमी नरम केला तर ताप आणतो. मधला मार्ग सापडणंच अवघड.

त्यामानाने बीसीजीलाच सुधारण्याची वाट पुढे गेली. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेत तयार झालेल्या 'व्हीपीएम१००२' मध्ये लिस्टेरिया या दुसऱ्या जिवाणूचं एक जनुक आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती लस हाती घेतली आणि २०१९ पासून आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) क्षयरुग्णांच्या घरच्यांवर तिची चाचणी सुरू केली.