डिस्ट्रोबॉक्समधलं स्टीम ‘सेफ’ नसतं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आमच्या इंदूरात राजेंद्रनगर, लोकमान्यनगरच्या घरांतले जुने लॅपटॉप एकेक करून लिनक्सवर आले. पोरं स्टीम (गेम विकत घेऊन चालवायचं अ‍ॅप) टाकतात, गेम चालते, इथवर झकास. मग कुणीतरी ऐटीत सांगतं, “काका, मी स्टीम कंटेनरमध्ये टाकलंय, आता कुठलाही मोड बिनधास्त चालवतो.” कंटेनर म्हणजे प्रोग्रामसाठी सिस्टिममध्येच केलेली वेगळी खोली, आणि मोड म्हणजे गेममध्ये बदल करणारी कुणीतरी बनवलेली भर. कुठल्या कंटेनरमध्ये, विचारलं की कुणी फ्लॅटपॅक म्हणतं, कुणी डिस्ट्रोबॉक्स. आणि वर, “एकच ना भिया?”

एकच नाही. हे सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

फ्लॅटपॅक तुम्ही वापरता, तेव्हा थोडक्यात. सॉफ्टवेअर स्टोअरमधून एक बटण दाबून येतं, होम फोल्डरमधल्या ‘डॉट व्हार’च्या आत आपला संसार मांडतं आणि परवानगी दिली तेवढंच बघतं. स्टीमचं फ्लॅटपॅक स्टीमची कंपनी व्हॉल्व्ह स्वतः बनवत नाही, स्वयंसेवक सांभाळतात, हेही ठाऊक असू द्या.

डिस्ट्रोबॉक्स पॉडमन किंवा डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामांच्या जोरावर दुसरी अख्खी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार, तुमच्या मशीनवर उभी करतं. लॅपटॉपवर डेबियन, बॉक्समध्ये आर्च. कर्नल (सिस्टिमचा गाभा) मात्र लॅपटॉपचाच, म्हणून वेगात फरक पडत नाही. स्टीमला ३२-बिट लायब्ररींचं (प्रोग्रामांना लागणाऱ्या सामायिक फायलींचं) मोठं लटांबर लागतं, ते सगळं बॉक्समध्ये जातं आणि मूळ सिस्टिम स्वच्छ राहते. एएमडीचं नवं कार्ड आणि जुनी मेसा (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) असेल तर बॉक्समधली नवी मेसा कामाला येते. सोय झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आता खरी गोम. डिस्ट्रोबॉक्स तुमचं होम फोल्डर जसंच्या तसं आत नेतं. हे चुकून झालेलं नाही, मुद्दाम केलेलं आहे. बॉक्समधला प्रोग्राम बाहेरच्यासारखा वागावा हाच त्याचा हेतू, आणि कडेकोट वेगळेपणा हे आपलं ध्येय नाही असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. हा पाहुणा आपली भांडी घेऊन येतो, आपला स्वयंपाक आपण करतो, पण फिरतो घरभर, आणि कपाटांना कुलूप नाही. पॉडमन रूटशिवाय (अ‍ॅडमिनच्या अधिकारांशिवाय) चालत असेल तर सिस्टिमच्या फायली बऱ्यापैकी सुरक्षित असतात, कारण त्या रूटच्या मालकीच्या. पण सिस्टिम काय, पेन ड्राइव्हवरून अर्ध्या तासात पुन्हा टाकता येते. बहिणीच्या लग्नाचे फोटो, आईबाबांच्या आधारचे स्कॅन, प्रोजेक्टचा कोड हे सगळं तुमच्या मालकीचं, होममध्ये, आणि बॉक्समधल्या प्रत्येक प्रोग्रामला वाचायला-पुसायला मोकळं.

“मग वेगळं होम दिलं की झालं!” हे उत्तर मला हमखास मिळतं आणि हमखास डोकं फिरवतं. बॉक्स बनवताना वेगळं होम सांगता येतं, खरं आहे. त्याने सेटिंगच्या फायली तिकडे जातात, पसारा होत नाही. पण मूळ होम आत जोडलेलं राहतंच, आणि शिवाय यजमान मशीनची अख्खी फाइलसिस्टिम ‘रन-होस्ट’ नावाच्या फोल्डरखाली दिसत असते. आत जाऊन बघा एकदा.

हे सगळं कागदी भीती वाटत असेल तर जानेवारी २०१५ आठवा. लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: स्टीमच्या फोल्डरमधलं सगळं पुसून टाक. फोल्डरचा पत्ता ज्या व्हेरिएबलमध्ये, तेच रिकामं राहिलं तर ‘सगळं’ म्हणजे थेट मुळापासून सगळं. स्टीमचा फोल्डर दुसरीकडे हलवलेल्या एकाच्या घरच्या फायली गेल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्याही गेल्या. ती ओळ दुरुस्त होऊन जमाना झाला. पण तशीच चूक उद्या एखाद्या गेमच्या लाँचरमध्ये निघाली, तर फ्लॅटपॅकमध्ये ती स्टीमच्या कोपऱ्यात आणि तुम्ही परवानगी दिलेल्या फोल्डरांत धिंगाणा घालेल. डिस्ट्रोबॉक्समध्ये घरभर.

मोडवाल्यांनी आणखी एक ऐका. प्रोटॉन म्हणजे विंडोजच्या गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन. त्यात चालणाऱ्या विंडोज प्रोग्रामला ‘झेड’ नावाचा ड्राइव्ह मिळतो, आणि तो म्हणजे लिनक्सची पूर्ण फाइलसिस्टिम. टेलिग्रामवरून उतरवलेला तो अमुक-तमुक मोड इन्स्टॉलर डिस्ट्रोबॉक्समध्ये त्या वाटेने तुमच्या डॉक्युमेंट्सपर्यंत चालत जातो. फ्लॅटपॅकमध्ये त्याच ‘झेड’वर सँडबॉक्सपुरतंच, म्हणजे फ्लॅटपॅकच्या कुंपणातलंच दिसतं.

गेमसाठी स्टीम स्वतःही एक कंटेनर वापरतं, त्यातला ‘स्निपर’ डेबियन ११वर बेतलेला. तो गेमला ठरलेल्या लायब्ररी मिळाव्यात म्हणून आहे. सुरक्षेच्या हिशेबात धरू नका.

फ्लॅटपॅक म्हणजे तटबंदी, असंही नाही. स्टीमच्या पॅकेजला नेटवर्क, सगळी उपकरणं आणि एक्स-११ची (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेची) परवानगी असते, आणि एक्स-११वर एका प्रोग्रामला दुसऱ्यात दाबलेली कीबोर्डची बटणं टिपता येतात. फायली बचावतात, एवढाच माझा दावा.

किरकोळ गोष्टी पटापट. एनव्हिडिया असेल तर आतल्या ड्रायव्हरचं व्हर्जन बाहेरच्याशी तंतोतंत जुळलंच पाहिजे: ड्रायव्हर अपडेट केला की फ्लॅटपॅकही अपडेट करा, आणि डिस्ट्रोबॉक्स बनवतानाच एनव्हिडियाचा पर्याय द्या. गेम कंट्रोलर ओळखायचे नियम दोन्हीकडे बाहेरच्या सिस्टिमवरच टाकायचे. दुसऱ्या डिस्कवरच्या गेम फ्लॅटपॅकला दिसत नसतील तर फ्लॅटसील (परवानग्या बदलायचं अ‍ॅप) उघडून त्या फोल्डरची परवानगी द्या. सिमलिंक (फोल्डरचा शॉर्टकट) करून उपयोग नाही, कारण ती जिकडे बोट दाखवते तेच आतून दिसत नाही. आणि नुसत्या डॉकरमध्ये हाताने स्टीम बसवायचा उद्योग करूच नका. शेअर्ड मेमरी मुळात ६४ एमबी, वर गेमसाठी लागणारा बबलरॅप (स्टीमचा कंटेनर उभा करणारा प्रोग्राम) डॉकरच्या नेहमीच्या बंधनांत अडतो. मग लोक ‘प्रिव्हिलेज्ड’ (बंधनं काढून टाकणारा पर्याय) लावतात आणि होती-नव्हती ती भिंतही पाडतात.

माझं मत विचाराल तर साध्या लॅपटॉपला फ्लॅटपॅक, दुसरं काही नको. नव्या मेसासाठी डिस्ट्रोबॉक्स हवंच असेल तर गेमिंगसाठी लिनक्सचा वेगळा यूजर बनवा, बॉक्स त्याच्या लॉगिनमध्ये ठेवा आणि तुमच्या होमची परवानगी इतरांना बंद करा. पासवर्ड दोन लक्षात ठेवावे लागतील, ठेवा.