कड्यावरचं प्रेम आणि छातीतली धडधड

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी इंग्रजी पुस्तकं चाळताना एक ठरावीक मुखपृष्ठ पुन्हा पुन्हा हाती लागतं. रात्रीची वेळ, समुद्रावरचा कडा, मागे काळोखात बुडालेला वाडा, त्याची एकच खिडकी उजळलेली आणि तिथून पळत सुटलेली तरुणी. १९६० आणि ७०च्या दशकांत अशा प्रेमकथा अमाप खपल्या. त्यांच्यावर दाट छाया आहे ती डॅफ्ने ड्यू मॉरिए यांच्या १९३८ सालच्या ‘रिबेका’ या कादंबरीची आणि तिच्यामागच्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्याची.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचा हा किनारा धोक्याचाच आहे. अटलांटिकवरून येणारी उबदार, दमट हवा थंड पाण्यावर निवते आणि बघता बघता धुकं दाटतं. ‘रिबेका’त अशाच धुक्यात एक जहाज खडकाला लागतं आणि समुद्राने पोटात ठेवलेलं गुपित वर येतं.

पण प्रेमकथेला इतकी भीती कशासाठी? याचं एक सुंदर उत्तर मानसशास्त्राकडे आहे. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल दरीपासून सुमारे ७० मीटर उंच, पावलागणिक हलणारा. पुलावरच्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी तिला फोन केला. जवळच्या भक्कम, बुटक्या पुलावर मात्र १६ पैकी दोघांनीच. भीतीने वाढलेली धडधड समोरच्या तरुणीच्या खाती जमा झाली, असा निष्कर्ष निघाला. मुळात धाडसी माणसंच झुलत्या पुलावर जातात, अशी शंका कुणीही घेईल. म्हणून त्यांनी पूल ओलांडून दहा-एक मिनिटं विसावलेल्या पुरुषांशीही तुलना केली. त्यांच्यात ओढ कमी दिसली.

मला याहून मोलाचा वाटतो तो १९७५चा कँटर, झिलमन आणि ब्रायंट यांचा प्रयोग. त्यांनी लोकांना व्यायाम करायला लावून नंतर शृंगारिक दृश्यं दाखवली. व्यायाम संपताक्षणी परिणाम वाढला नाही, कारण छाती कशाने धडधडते आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. शरीर पूर्ण शांत झाल्यावरही वाढला नाही. वाढला तो मधल्या काळात, जेव्हा ‘आता मी सावरलो’ असं वाटत होतं, पण नाडी अजून जलदच होती.

आता या कादंबऱ्यांची रचना पाहा. भरतीच्या पाण्यातून नायिका वाचते, आणि मनातलं बोललं जातं ते नंतर, शेकोटीपाशी, केस अजून ओले असताना. प्रयोगशाळेने दाखवलेली ती मधली वेळ या लेखिकांनी अनुभवानेच हेरली होती, असं मला मनापासून वाटतं.

आणि खुर्चीत बसलेल्या वाचकाचं काय? मानसशास्त्रज्ञ पीटर लँग यांनी भीतीच्या प्रसंगांची वर्णनं ऐकवून लोकांना ती डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. सराव दिल्यावर, नुसत्या दृश्याच्या वर्णनापेक्षा ‘हृदय धडधडतंय, स्नायू ताठरलेत’ असं शरीराचं वर्णन असलेल्या मजकुराने नाडी जास्त वाढली. या कादंबऱ्यांत वादळाइतकीच जागा नायिकेच्या थंडगार तळव्यांना आणि घशात अडकलेल्या श्वासाला मिळते, ती वाया जात नाही.