रोमन मतदान: माणसं नव्हे, गट मोजण्याची रीत

प्राचीन रोममध्ये कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) आणि प्रीटर (त्यांच्याखालचे न्यायाधिकारी) निवडायची ती सभा म्हणजे कोमिटिया सेंटुरियाटा. ही मुळात शस्त्रधारी नागरिकांची सभा, म्हणून ती नगराच्या पवित्र हद्दीबाहेर, मार्सच्या मैदानात भरे. सभा चालू असेतोवर टायबर नदीपलीकडच्या यानिक्युलम टेकडीवर निशाण फडकत असे. ते उतरलं की सभा मोडली.

तिची खरी गोम गणितात आहे. नागरिकांचे, मुख्यतः संपत्तीनुसार पाडलेले, एकूण गट 193, प्रत्येक गटाचं मत एकच. घोडेस्वारांचे 18 गट आणि सर्वांत श्रीमंत अशा पहिल्या वर्गाचे 80, मिळून 98. बहुमताला 97 पुरत. म्हणजे वरचे लोक एकदिलाने उभे राहिले, तर दुसऱ्या वर्गाची पाळीसुद्धा येत नसे. मालमत्ता नसलेले सगळे एकाच गटात कोंबलेले, आणि त्यांची पाळी सर्वांत शेवटी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात पहिल्या वर्गाचे गट 70 झाले. तेव्हापासून निदान दुसऱ्या वर्गापर्यंत तरी मतदान पोचू लागलं. शिवाय पहिल्या वर्गातला एक गट चिठ्ठी टाकून निवडत आणि त्याचं मत आधी घेऊन जाहीर करत. लोक त्याला दैवी कौल मानत, त्यामुळे पुढचे गट बहुधा त्याच दिशेने झुकत.

मत तोंडी सांगायचं आणि अधिकाऱ्याने पाटीवर टिंब काढायचं, अशी जुनी चाल. ज्याच्या आश्रयाने माणूस जगतो तो धनी शेजारीच उभा असेल, तर त्याच्याविरुद्ध बोलणार कोण? इ.स.पू. 139 मध्ये गाबिनियस या ट्रिब्यूनच्या (सामान्य जनतेच्या प्रतिनिधीच्या) कायद्याने निवडणुकीत गुप्त मतदान आलं: मेण लावलेल्या लाकडी पट्टीवर नाव लिहायचं, अरुंद फळीवरून चालत जाऊन ती टोपलीत टाकायची. पुढे 137 मध्ये बहुतेक खटल्यांना आणि 131 मध्ये कायद्यांनाही हीच पद्धत लागू झाली. तरी फळीवर गाठून मतदाराची पट्टी डोकावून पाहणं थांबेना. म्हणून 119 मध्ये मारियस या ट्रिब्यूनने फळ्याच आणखी अरुंद करून घेतल्या, म्हणजे कडेला दुसरं कोणी उभंच राहू नये. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत नेमकी सुधारणा. गटांचं गणित मात्र कोणी मोडलं नाही.

मतदानासाठी सीझरने आखलेलं संगमरवरी आवार सम्राट ऑगस्टसचा सहकारी आग्रिप्पाने इ.स.पू. 26 मध्ये पुरं केलं. चाळीस वर्षांत, इ.स. 14 मध्ये, सम्राट टायबेरियसने अधिकाऱ्यांची निवड सिनेटकडे सोपवली. पुढे त्या आवारात चैनीच्या वस्तूंची दुकानं लागली.