आर्टिचोकच्या मुळाशी कंद नसतो

भाड्याने घेतलेल्या वाफ्यावर नव्याने बागकाम करणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं: आर्टिचोकच्या कळ्या खा, हंगाम संपला की खालचे कंदही काढा. एका झाडात दोन भाज्या! यातला दुसरा भाग चूक आहे.

कळीसाठी लावतात तो ग्लोब आर्टिचोक थिसल नावाच्या काटेरी रानरोपांच्या गोतातला, भूमध्य समुद्राकडचा. कंद येतात ते ‘जेरुसलेम आर्टिचोक’ला. हा उत्तर अमेरिकेतला, सूर्यफुलाचा सख्खा भाऊबंद. जेरुसलेमशी त्याचा काडीचा संबंध नाही. फ्रेंच प्रवासी शाम्प्लँ याला १६०५ मध्ये त्या कंदाची चव आर्टिचोकसारखी वाटली. घोळ चवीतून सुरू झाला तो असा.

आता हे नुसतं नावापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण कंदांच्या आशेने ग्लोब आर्टिचोक उपटलात तर हाती फक्त जाड, चिवट मुळं येतात आणि पुढची काही वर्षं कळ्या देणारं झाड जातं. त्याला हात लावायचा तो वसंतात, कडेचे फुटवे मुळासकट धारदार सुरीने कापून जवळपास एक मीटर अंतरावर लावायला. बियांपासूनची रोपं एकसारखी निघत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

कळी मात्र घट्ट मिटलेली असतानाच कापा. खवले उघडू लागले की आतली लव राठ होते आणि थोड्या दिवसांत वर जांभळा तुरा दिसतो. मधमाश्यांची चंगळ, आपलं ताट रिकामं.

उपटण्याच्या बाबतीत जेरुसलेम आर्टिचोकचं उलटं: मातीत राहिलेला कंदाचा तुकडाही पुन्हा उगवतो.